पोरीच्या ताब्याचा हुकूम

कोर्टाचा हुकूम मी पहिल्यांदा हातात घेतला, तेव्हा माझा जरा हिरमोडच झाला. मला वाटलं होतं, जाड कागद असेल, लाल लाखेचा शिक्का असेल. निघाली ती कोपऱ्यात टाचलेली चार-पाच पातळ पानं, आणि शेवटच्या पानावर निळा गोल शिक्का, तोही अर्धाच उमटलेला. पण त्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं की मुलीचा ताबा आईकडे द्यावा. आई म्हणजे माझी थोरली बहीण आणि मुलगी म्हणजे तिची एकुलती एक लेक, तेव्हा सहा वर्षांची. जालन्याच्या कोर्टाच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली ताईनं ती पानं कपाळाला लावली. मी म्हटलं, "अगं, परसाद हाये का तो?" ती हसली. ताईला हसताना मी फार दिवसांनी बघत होते.

आम्ही मूळचे केदारखेड्याचे. मी शाळेत असतानाच वडील गेले. त्यानंतर घरात शब्द चालायचा तो मोठ्या बाबांचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा. ताईची सोयरीक त्यांनीच जुळवली, अंकुशनगरच्या अलीकडे एका गावात, ऊसवाल्या घरात. दाजी दिसायला बरे, बोलायला गोड आणि हात उचलायला जल्दी. पहिली काही वर्षं ताई पडले, धडकले, दार लागलं असं सांगत राहिली. मग एक दिवस त्या लोकांनी तिला एका पिशवीसकट अंबडच्या स्टँडवर आणून सोडलं आणि पोरगी ठेवून घेतली. "लेकरू आमच्या घरचं हाये," एवढंच सासू बोलली म्हणे. पोरगी तेव्हा पाच वर्षांची होती, आणि आईच्या पदराचं टोक हातात धरल्याशिवाय तिला झोप येत नसे. ताई आमच्याकडे आली ती दिवसदिवस दाराकडे तोंड करून बसायला लागली. नवरा गेला, घर गेलं, याचं तिला काहीच वाटत नव्हतं. तिला फक्त तिची पोरगी पाहिजे होती.

मी नवीन जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीच्या ऑफिसात कामाला. त्यामुळे कोर्टाची धावपळ माझ्याच गळ्यात पडली, आणि खरं सांगायचं तर ती मी हौसेनं घेतली. मला वाटायचं, कायदा आहे, आई आहे, लहान लेकरू आहे, यात भांडायचं ते काय? आमच्या वकीलबाई जुन्या जालन्याच्या. घरी उर्दू, आमच्याशी मराठी, आणि न्यायाधीशांसमोर त्या इतकं कमी बोलायच्या की मला धाकधूक व्हायची. हुकूम मिळाला त्या दिवशी मी पेढे घेऊन आमच्या आईसोबत आणि ताईसोबत त्यांच्या ऑफिसात गेले. त्यांनी पेढा खाल्ला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "हुकूम मिळाला. पोरगी अजून मिळाली न्हाई."

"म्हंजे?"

"हुकूम म्हंजे कोर्टानं सांगितलं की पोरगी आईकडं पाहिजे. कोर्ट काही उठून त्यांच्या घरी जात न्हाई. त्यांनी आपणहून दिली तर बराबर. न्हाई दिली तर दुसरा अर्ज करावा लागतो, दरखास्त. मंग बेलीफ जातो, पोलीस जातेत आणि पोरगी आणून देतेत."

माझं डोकंच फिरलं. वर्षभर तारखा केल्या, आणि हातात पडलं काय, तर नुसतं सांगणं. मी म्हटलं, मग हा निकाल काय भिंतीवर लावायचा? वकीलबाईंना माझ्या रागाची सवय होती. त्या शांतपणे ताईकडे वळल्या. "आधी जाऊन मागा. हुकूम दाखवा. हो म्हटले तर लेकराला घ्या आणि आल्या पावली वापस या. न्हाई म्हटले तर भांडू नका, सरळ माझ्याकडं या. आणि एक गोष्ट. कशावर बी सही करायची न्हाई. बिलकुल न्हाई. कोरा कागद असो का चहाचं बिल असो." आम्ही तिघींनी माना डोलावल्या. सही आम्ही खरंच कुठे केली नाही.

घरी आल्यावर मी म्हटलं, ठाण्यात जाऊ, हुकूम दाखवू, एखादी पोलीसबाई सोबत घेऊ आणि उद्याच निघू. मोठे बाबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "पोलीस घेऊन सोयऱ्याच्या दारात जायचं? आपल्यात आजपस्तोर कुणी गेलं न्हाई." त्यांचं म्हणणं, कोर्टानं आपल्या बाजूनं दिलंय, आता आपण थोडं नमतं घेतलं तर काय बिघडतं. चार माणसं नेऊ, मानानं मागू, मानानं आणू. पोरीच्या लग्नपत्रिकेत उद्या त्याच बापाचं नाव छापावं लागणार आहे, हेही त्यांनी सुनावलं. आणि माझ्यादेखत मोबाईल काढून त्यांनी ताईच्या सासऱ्यांना फोन लावला. परवा आम्ही येऊन राह्यलो, म्हणाले. मी कपाळावर हात मारून घेतला.

"सांगून कोण जातं मोठे बाबा?"

"न सांगता जायला आपण काय चोर हावोत का?"

मोठ्या बाबांपुढे आमच्या घरात कुणी बोलतच नाही. मी बोलते, पण माझं कुणी ऐकत नाही.

भाड्याची क्रूझर केली. पुढे मोठे बाबा, मागे गावातली तीन पांढऱ्या टोपीची माणसं, आई, ताई आणि मी. ताईनं पोरीसाठी नवा फ्रॉक घेतला होता. तो आपण वर्षापूर्वीच्या मापानं तर घेतला नाही ना, या काळजीत ती रस्ताभर तो उलगडून मांडीवर पसरत होती आणि परत घडी करत होती. अंबड सोडल्यावर उसाच्या ट्रॉल्या लागल्या. एका ट्रॉलीमागे आम्ही बराच वेळ अडकलो तेव्हा ताई ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, जरा जल्दी घ्या ना." तिचा तो आवाज ऐकून गप्पा मारणारी माणसं खिडकीबाहेर बघायला लागली.

दारात पोचलो तर अंगणात खुर्च्या मांडलेल्या, सतरंजी अंथरलेली, आणि त्या गावचे दोन-चार कारभारी आधीच येऊन बसलेले. सासरे पुढे झाले, मोठ्या बाबांची गळाभेट घेतली. पाणी आलं. मोठ्या बाबांनी खिशातून हुकमाची नक्कल काढून दिली. सासऱ्यांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली आणि हात जोडून म्हणाले, "कोर्टाच्या पुढं कोण हाये पाव्हणं? पोरगी तुमचीच. घेऊन जा." दाजी खाली मान घालून उभे होते. मोठ्या बाबांनी माझ्याकडे बघितलं. बघ, म्हणत होती ती नजर. मलाही क्षणभर वाटलं की मीच वाईट, माझंच मन काळं.

तेवढ्यात पोरगी आतून धावत आली. "मम्मी" म्हणून ओरडली आणि ताईच्या कमरेला अशी चिकटली की ताई खाली बसलीच. पोरीचे केस आखूड कापले होते, पुढचा एक दात पडला होता. ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. हे मी मुद्दाम नीट सांगते आहे. पुढे अर्जांत, जबाबांत, शपथपत्रांत कितीतरी गोष्टी आल्या, पण ही एक कुठेच आली नाही.

मी म्हटलं, चला, गाडी उभी आहे. तर सासूबाई म्हणाल्या, "जेवणाच्या वेळेला आमच्या दारातून माणूस उपाशी जाईल का? लेकरू बी जेवलं न्हाई अजून." ताटं मांडलीच होती. पुरणाची पोळी, कटाची आमटी, भजी, कुरडया. पुरण काही तासाभरात होत नाही. त्या घरात सकाळपासून तयारी चालली होती, आणि हे समोर दिसत असताना आमच्यातल्या एकाही शहाण्या माणसाला कसली शंका आली नाही. मी मोठ्या बाबांच्या जवळ जाऊन हळूच म्हटलं, वकीलबाईंनी आल्या पावली परत या म्हटलंय. ते म्हणाले, "वाढल्या ताटावरून उठायचं असतं का? पोरगी देऊन राह्यलेत ते. तू गप बस."

आमच्याकडे ज्याच्याशी वैर त्याच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत, आणि ज्याच्या पंगतीला बसलं त्याच्याशी वैर संपलं. हे लहान लेकरालाही माहीत असतं. मोठ्या बाबांना वाटलं, आपण जिंकलोत, मोठेपणा आपल्याकडे आहे, तर वैर संपवायची हीच वेळ आहे. मीही बसले. पोळी चांगली झाली होती, हे सांगताना मला आजही चीड येते.

जेवणं झाल्यावर ताईची नणंद हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली. तिनं ताईला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. ताईनं आधी माझ्याकडे बघितलं. ओटी त्या घरच्या सुनेची भरली जात होती, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. पण नको म्हणायचं कसं? समोर आलेली ओटी नाकारली तर अपशकुन, आणि तोही पोरगी मांडीवर बसलेली असताना. तिनं पदर पसरला. दाजींचा एक चुलतभाऊ मोबाईल घेऊन फिरत होता. त्यानं पंगतीचे फोटो काढले, दोन्ही म्हाताऱ्यांचे गळ्यात हात घातलेले काढले, ओटीचे काढले. "फ्यामिली फोटो, फ्यामिली फोटो," म्हणत त्यानं दाजींनाही ताईच्या शेजारी आणून उभं केलं. ताई बाजूला सरकली, तरी फोटोत आलीच.

निघायच्या वेळी सासऱ्यांना आठवलं की आज अमावस्या. "अमावशेला लेकरू घराबाहेर काढत न्हाईत पाव्हणं. तिचे कपडे, शाळेची पुस्तकं बी बांधायचीत. परवा मी सोता आणून सोडतो." कारभाऱ्यांनी माना हलवल्या. मोठ्या बाबांनीही हलवली. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, कोर्टाच्या हुकमात अमावस्या नाही, पोरगी आत्ता द्या. पुरुषांच्या बैठकीत बाईनं तोंड घातलं, आणि तेही त्यांचं मीठ खाऊन! मोठे बाबा माझ्यावर जे खेकसले ते मी इथे लिहीत नाही. ताई पोरीला सोडत नव्हती. शेवटी आमच्या आईनंच तिचे हात सोडवले. "दोन दिवसांचा तर सवाल हाये बाई," म्हणाली, "चांगलं चालून राह्यलंय, नाट नको लावू." क्रूझर निघाली तेव्हा पोरगी नवा फ्रॉक घालून वेशीपर्यंत गाडीमागे पळत आली. फ्रॉक तिला दंडात घट्ट होत होता.

परवा कुणी आलं नाही. त्यानंतरही कुणी आलं नाही, फोन लागेना. मी हुकमाची नक्कल घेऊन ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारानं ती वाचली आणि मला विचारलं, "ह्याच्यात पोलिसांचं नाव कुठं हाये बाई? ह्यात बापाला सांगितलंय दे म्हणून. आम्हाला काही सांगितलेलं न्हाई. आमच्या नावानं हुकूम आणा, लगेच निघतो." तो काही खोटं बोलत नव्हता, म्हणून मला आणखीच राग आला.

दरखास्त लावायला वकीलबाईंकडे गेलो, पण आमच्याआधी त्यांचे कागद येऊन पोचले होते. वरच्या कोर्टात त्यांनी अर्ज केला होता. हुकमानंतर दोन्ही घरं मानानं एकत्र बसली, आपसात समेट झाला, सुनेनं सासरी ओटी भरून घेतली, मुलगी वडिलांकडेच राहील आणि सूनही नांदायला येईल असं चार लोकांसमोर ठरलं, सबब ताब्याच्या हुकमाला स्थगिती द्यावी. सोबत पंगतीला बसलेल्या कारभाऱ्यांची शपथपत्रं होती. आणि फोटो होते, रंगीत, मोठे करून काढलेले.

वकीलबाईंनी ते फोटो टेबलावर एकेक करून मांडले. ओटीच्या फोटोवर बोट ठेवून त्यांनी ताईला विचारलं, "हे कशाला होऊ दिलं?" ताई म्हणाली, "न्हाई कसं म्हणू?" मी म्हटलं, आम्ही सही केली नाही, एकही नाही. "बराबर," वकीलबाई म्हणाल्या. "त्यांना सहीची गरजच पडली न्हाई." मग त्या जरा चिडल्याच, आमच्यावर की स्वतःवर ते मला कळलं नाही. "सही करू नका म्हणून सांगितलं मी तुम्हाला. जेवू नका असं कोणता वकील सांगतो?"

वरच्या कोर्टानं पुढच्या सुनावणीपर्यंत स्थगिती दिली. त्यात कोर्टाचं काय चुकलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. त्या फोटोंत एक भरलं अंगण होतं, वाढलेली ताटं होती, ओटी घेतलेली सून होती. न्यायाधीशाच्या खुर्चीत मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. मोठ्या बाबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "जेवणाचा बी पुरावा होतो?" पुढे कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हेच ऐकवत होते, की आम्ही मानानं गेल्तो, मानानं जेवलो, त्यात आमचं काय चुकलं. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. त्यांच्या लेखी पंगतीत बसून दिलेला शब्द कोर्टाच्या शिक्क्यापेक्षा मोठा होता, आणि समोरच्यालाही तसंच वाटतं असं ते धरून चालले होते. समोरच्याला पंगत आणि कोर्ट, दोन्हींचा उपयोग चांगला माहीत होता.

मग तारखा सुरू झाल्या. आज त्यांचे वकील नाहीत, आज कागद आले नाहीत, आज वेळच उरला नाही, पुढची तारीख. मधे वकीलबाईंनी आणखी एक हुकूम मिळवला, की महिन्यातून एका शनिवारी पोरीला जालन्याच्या कोर्टात आणावं आणि आईला भेटू द्यावं. सुरुवातीला त्यांनी तो पाळला. आजी पोरीला घेऊन यायची आणि जवळच बाकावर बसायची. पहिल्या भेटीला पोरगी ताईच्या मांडीवर बसून सगळा वेळ बोलत होती. ताई तिच्यासाठी शेवयाची खीर न्यायची. नंतर नंतर भेटीच्या शनिवारी पोरीला ताप यायला लागला, शाळेत कार्यक्रम निघायला लागले, भावकीत लग्नं निघायला लागली. आली तरी ती आजीच्या मोबाईलमध्ये डोकं घालून बसायची. एकदा तिनं खिरीचा डबा उघडलाच नाही. "आजी म्हणती, बाहेरचं खायचं न्हाई," म्हणाली. ताई बाहेरची झाली होती. पुढे ती आईला तुम्ही म्हणायला लागली. "तुम्ही पप्पांवर केस केली ना?" असं तिनं विचारलं, तेव्हा ताईनं मदतीला माझ्याकडे बघितलं, आणि एरवी सगळ्यांना तोंडावर बोलणारी मी खिरीचा डबा पिशवीत भरायला लागले.

स्थगिती उठली तेव्हा पोरगी दहा वर्षांची झाली होती. निकाल आमच्या बाजूनं होता. दोन्ही घरं एकत्र जेवली एवढ्यावरून समेट झाला असं म्हणता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. हे एक वाक्य मिळवण्यात पोरीचं बालपण गेलं. या वेळी मी पेढे घेतले नाहीत. वकीलबाईंनी दरखास्त लावली, वॉरंट निघालं, आणि एका सकाळी बेलीफ, एक पोलीसबाई, ताई आणि मी त्या दारात जाऊन उभे राहिलो. मोठ्या बाबांना आम्ही सांगितलंच नव्हतं.

बेलीफानं अंगणात उभं राहून वॉरंट वाचून दाखवलं. दाजी भांडले नाहीत. ते बाजूला झाले आणि त्यांनी आत हाक मारली. पोरगी दारात आली. शाळेच्या कपड्यात होती, ताईच्या खांद्याला लागेल इतकी उंच झाली होती. तिनं आधी बेलीफाकडे बघितलं, मग पोलीसबाईकडे, मग ताईकडे, आणि दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली.

"मी न्हाई येणार."

"बाळा, मी मम्मी हाये."

"माहीत हाये मला तुम्ही कोण हायेत. मला पोलिसात नका देऊ."

पोलीसबाईनं पुढे होऊन तिचा एक हात धरला, फार जोरात नाही, पण पोरगी किंचाळली. आत आजीनं रडायला सुरुवात केली. बेलीफानं ताईला बाजूला घेतलं. "बाई, हुकूम तुमच्या बाजूनं हाये. तुम्ही म्हणा, मी लेकराला उचलून गाडीत बसवतो. रडतेत सगळेच. चार दिवसांत रुळतेत बी. पण सांगावं तुम्हालाच लागंल." मी म्हटलं, "ताई, घे तिला. आता न्हाई तर परत कधीच न्हाई." मी बरोबर होते असं मला आजही वाटतं. ताई बरोबर होती असंही वाटतं. दोन्ही वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

ताई पोरीच्या पायांकडे बघत होती. पायाखालची फरशी ओली झाली होती. दहा वर्षांची पोरगी, एवढ्या माणसांसमोर, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ती पाय जुळवून उभी होती. ताई म्हणाली, "सोडा तिला. न्हाई न्यायची." पोलीसबाईनं हात सोडला तशी पोरगी आत पळाली.

बेलीफ ओट्यावर बसून लिहायला लागला. वॉरंट परत करताना काय घडलं ते त्याला कोर्टाला सांगावं लागतं. मी म्हटलं, लिहा, लेकरू घाबरलं. लिहा, आईला तिचे हाल बघवले नाहीत. तो वैतागला नाही. म्हणाला, "ताई, कुणाच्या मनात काय होतं ते मला लिहिता येत न्हाई. ताबा दिला का न्हाई, आणि न्हाई तर कुणी अडवलं, एवढंच लिहायचं असतं." अडवलं तर कुणीच नव्हतं. दाजी तर केव्हाचे बाजूला उभे होते. त्यानं लिहिलं, अर्जदार आईने मुलीचा ताबा घेण्यास नकार दिला. दोन पंचांच्या सह्या घेतल्या आणि मग पेन ताईपुढे धरलं. तिनं सही केली. मला ते बघवलं नाही, मी गाडीत जाऊन बसले.

दरखास्त निकाली निघाली. भेटीसाठी नव्यानं अर्ज करू, असं वकीलबाई म्हणाल्या, पण ताई नको म्हणाली. पोरीला परत त्या बाकावर बसवायचं नाही, एवढंच तिचं कारण होतं. ती आता माझ्याजवळ नवीन जालन्यात राहते, बायकांचे कपडे शिवते. ऑफिसातल्या, गल्लीतल्या बायका कोर्टातलं काही असलं की मला विचारायला येतात. मी त्यांना सांगते, हुकूम मिळाला म्हणून नाचू नका, त्याच दिवशी दरखास्तीचं बघा, आणि तोवर समोरच्याच्या घरचं पाणीसुद्धा घेऊ नका. त्या हसतात. त्यांना वाटतं, बाई जरा जास्तच तिखट आहे.

गेल्या उन्हाळ्यात जालन्यातल्या एका मंगल कार्यालयात लग्नाला गेले होते. मुलीकडचे लोक अंबड भागातले निघाले. हात धुवायच्या नळाशी एक उंच मुलगी माझ्याकडे बघत उभी होती. "तुम्ही मावशी ना?" म्हणाली. आवाज थेट ताईचा. अकरावीला गेली होती. मी तिचा हात धरला आणि घाईघाईनं सांगायला लागले, तुझी आई इथेच राहते, रिक्षानं जवळच आहे, येतेस का, नुसती भेटून जा.

"कशाला?" ती म्हणाली. रागानं नाही, साधंच विचारलं तिनं. "तिनं तर घेतलंच न्हाई ना मला. कोर्टाचा कागद हाये आमच्या घरी. पप्पांनी दाखवलाय मला. आईनं ताबा घ्यायला नकार दिला, असं लिहिलंय त्यात. खाली सही हाये तिची."

"अगं, तू घाबरल्ती. चौकट सोडत नव्हती तू. तुझे हाल बघवले न्हाईत म्हणून तिनं..."

"मला न्हाई आठवत तसं." तिनं हात सोडवून घेतला. "आणि तसं होतं, तर मंग त्याच्यात तसं का न्हाई लिहिलं?"

तिला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली. मी नळाशी तशीच उभी राहिले. मागच्या बाईनं सरका म्हटलं तेव्हा भानावर आले.

घरी आले तर ताई मशीनवर बसली होती. सांगावं की नाही, हे रिक्षात ठरत नव्हतं, आणि दारातच मी बोलून गेले की पोरगी भेटली. ताईनं मशीन थांबवलं. केवढी झाली, कुणासारखी दिसते, केस वाढवलेत का, अंगानं कशी आहे, सगळं विचारून झालं. मग ती म्हणाली, "माझ्याबद्दल काही बोलली का गं?"

मी म्हटलं, "विचारत होती."

ताईनं पदरानं डोळे पुसले. "मला वाटलंच होतं," म्हणाली, "मोठी झाल्यावर तिला कळंल." मग ती उठून चहा टाकायला गेली, आणि मी तोंड धुवायच्या निमित्तानं मोरीत जाऊन उभी राहिले.